खारघरला ठेवून आलेले तास

परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय मॅडम, मुंबई बघून आला म्हणे!" मी सांगते, मुंबई नव्हे हो, नवी मुंबई, आणि तीही सगळी नाही, त्यातलं खारघर तेवढं. तरी लोक समुद्राचंच विचारतात. समुद्र दिसला नाही, खाडी दिसली. नट-नट्या दिसल्या नाहीत, माझीच एक विद्यार्थिनी दिसली. प्रत्येकाला रस्त्यात उभं राहून हे सांगायचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून काढते. आमच्या सांगोल्याकडून त्या बाजूला पोटासाठी जाणारे पुष्कळ आहेत. पण पन्नाशीला टेकलेली बाई तिकडं शिकायला गेली, असं निदान आमच्या गल्लीत तरी कधी झालं नव्हतं.

मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवते. 'शिकवते' हा शब्द तूर्तास तसाच राहू दे. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्यावेत तेवढ्याच तासांचे पैसे. सुट्टीचे नाहीत, परीक्षेचे नाहीत, ताप आला तर तापाचेही नाहीत. मार्चमध्ये तास संपले की आपण संपलो, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, आणि मुलाखत घेणाऱ्यांना पाणी आणून देणारा शिपाई मला "मॅडम, या वर्षी पण तुमीच का?" असं विचारणार. पीएच.डी. झाली, केस पांढरे झाले, मुलगी बारावीला आली, नेमणूक मात्र दर जूनला नवी नवरी. यजमानांचं शिलाईचं दुकान रेडीमेड कपड्यांनी केव्हाच गिळलं. माझ्या पगारावर घर चालतं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण त्याच्याशिवाय चालत नाही हे खरं.

एप्रिलमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. म्हणाले, "मॅडम, आता नुसत्या पदवीला कोण विचारत नाही. मुलांना छोटे छोटे कौशल्याचे कोर्स द्यायचे आहेत. मायक्रो-क्रेडेन्शियल म्हणतात त्याला. भूगोलाचे तास कमी होणार. पण तुम्ही ट्रेनरचं सर्टिफिकेट आणलंत, तर नव्या कोर्सचे तास तुमचे."

"कोर्स कशाचा, सर?"

"गोदाम आणि मालवाहतूक सहायक."

"माझा गोदामाशी काय संबंध?"

"अहो, भूगोलात वाहतूक येतेच की!"

तास पाहिजे होते. जूनमध्ये घरात नुसतं बसायची कल्पनासुद्धा मला सोसत नव्हती. पैशासाठी नव्हे, म्हणजे पैशासाठीही, पण रस्त्यानं जाताना मला कुणी 'मॅडम' म्हणायचं थांबलं तर मी कोण, हे मला माहीत नव्हतं. बॅग भरली, शेंगाचटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी बांधल्या, पदव्यांचे सगळे कागद लॅमिनेशन करून घेतले आणि निघाले.

खारघर

मे महिना. आमच्याकडं ऊन माणसाला शेंगेसारखं भाजतं, तिथं उकडतं. बसमधून हायवेला उतरले तर समोर उघडीबोडकी टेकडी, तिच्या पायथ्याला उंचच्या उंच इमारती, आणि रस्ते एवढे रुंद की आमच्या गावची अख्खी जत्रा त्यात मावेल. माणसं मात्र दिसेनात. जी होती ती गेटच्या आत. आमच्याकडं अनोळखी बाई दिसली की "कुणाची गं तू?" असं विचारतात. तिथं वॉचमन विचारतो, "कौन सा विंग?"

मुक्काम एका जुन्या गावात होता. खारघरमध्ये गाव कसं, असं मलाही वाटलं होतं. पण सेक्टरांच्या मधोमध ही मूळची आगरी लोकांची गावं अजून आहेत. गल्ली अरुंद, घरावर घर चढवलेलं, दारात तुळस आणि वरच्या तिन्ही मजल्यांवर भाडेकरू. गाव सापडायला मला दुपार लागली. पत्ता होता सेक्टरचा, प्लॉटचा. माझं डोकं चालतं 'वेशीपासून डावीकडं, पिठाच्या गिरणीमागं' अशा पत्त्यावर. मोबाईलवरचा नकाशा मला एका बांधकामाच्या पत्र्यापाशी नेऊन सोडायचा आणि म्हणायचा, पोहोचलात. मी तीनदा त्याच पत्र्यापाशी पोहोचले. भूगोलाची बाई आणि नकाशा हातात घेऊन रस्ता चुकलेली! मला स्वतःचा असा राग आला की बॅग खाली ठेवून मी तिथंच उभी राहिले आणि शेवटी एका रिक्षावाल्याला शरण गेले.

घरमालकीण पार्वतीकाकू सत्तरीच्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, आवाज चांगलाच खणखणीत. मला बघताच म्हणाल्या, "कवा निघालीस गो? तोंड बघ कसा झालाय. बस, पानी पी." भाडेकरूला जेवण देण्याची पद्धत त्यांच्याकडं नव्हती, पण मी त्यांच्यापुढं कडक भाकरी मोडायला लागले तेव्हा त्यांच्यानं बघवेना. "यो काय पापड हाय का भाकर?" म्हणत त्यांनी माझ्या ताटात तांदळाची मऊ भाकरी आणि जवळ्याचं सुकं वाढलं. सुकी मासळी मी जन्मात खाल्ली नव्हती. वास आला, डोळे मिटले, पहिला घास घेतला आणि दुसरी भाकरी मागून घेतली. माझी शेंगाचटणी काकूंनी चाखली आणि ठसका लागून पाण्याचा तांब्या संपवला. तिथून आमचं जमलं.

त्यांच्या ओटीवर एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी एक सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. काच पिवळट पडलेली. मी वाचायला गेले तर म्हणाल्या, "माज्या पोराचा हाय. फिटरचा. नव्या शहराला जमीन गेली तवा लोक बोलले, पोरांना शिकवा, कारखान्यान लागतील. यो शिकला. तवर कारखानाच बंद झाला."

"मग आता काय करतात ते?"

"भाडा गोला करतो. नि दिवसभर मोबाईल बघतो."

"मग हे काढत का नाही भिंतीवरून?"

काकूंनी माझ्याकडं बघितलं. "कसा काडू? पोराचा नाव हाय त्याच्यावर."

वर्ग

ट्रेनिंग एका खाजगी कंपनीचं होतं. अशा छोट्या कोर्सचे व्हिडिओ, परीक्षा आणि सर्टिफिकेटं बनवून कॉलेजांना पुरवायची, हा तिचा धंदा. ऑफिस मेट्रोनं दोन-तीन स्टेशनांवर. मेट्रोचे डबे सकाळीसुद्धा निम्मे रिकामे, गारेगार आणि असे चकचकीत की चपला काढून बसावं वाटलं. पुलावरून एका बाजूला टॉवर आणि दुसऱ्या बाजूला एक म्हैस दिसली. ती अगदी निवांत बसली होती. मला तिचा फार आधार वाटला.

वर्गात आम्ही सगळे एकाच माळेचे मणी निघालो. कुणी मराठीचं, कुणी अर्थशास्त्राचं, कुणी प्राणिशास्त्राचं, सगळे तासिकावाले, सगळ्यांना जूनची धाकधूक. माझ्या शेजारी हिंगोलीकडचे ढोले सर बसले. इतिहासाचे. अंगानं थोराड, बोलायला मवाळ. मला म्हणाले, "मॅडम, मी आतापर्यंत पेशवाई शिकवली. आता फोर्कलिफ्ट."

आम्हाला शिकवायला होती नेहा. पंचविशीतली, जीन्स, हातात टॅब, तोंडात सारखं "टेन्शन नका घेऊ मॅम." तिनं आम्हाला समजावलं. तीन वर्षांची पदवी ही कंपन्यांना कळत नाही. मुलाला नेमकं काय येतं हे त्यांना एका ओळीत पाहिजे. म्हणून शिक्षणाचे लहान लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं वेगळं सर्टिफिकेट, मोबाईलवर बॅज, त्याला क्रेडिट, आणि प्रत्येकाला मुदत.

"मुदत कसली?" मी विचारलं.

"म्हणजे मॅम, बॅज दोन वर्षांनी एक्स्पायर होतो. स्किल जुनं होतं ना."

"दुधाच्या पिशवीसारखं?"

"एक्झॅक्टली!" ती खूश होऊन म्हणाली. मी टोमणा मारला होता, पण तिनं तो लगेच फळ्यावर लिहून घेतला.

माझे कागद बघून तिला हसू आवरेना. लॅमिनेशनच्या चकाकीमुळं ते टॅबच्या कॅमेऱ्यात उमटतच नव्हते. तिरके धरले, पंखा बंद केला, खिडकीचा पडदा ओढला. माझ्या पीएच.डी.च्या जागी टॅबवर छताची ट्यूबलाइट दिसत होती. शेवटी ढोले सरांनी ब्लेडनं कडेनं चिरून कागद मोकळे केले. आमच्याकडं सर्टिफिकेट म्हणजे जन्मभर पुरायची वस्तू, तिला पाणी लागू नये म्हणून आपण प्लास्टिकमध्ये घालतो. तिथं ते जन्मभर टिकूच नये अशी व्यवस्था आहे.

नेहावर मला राग धरता आला नाही. डबा खाताना ती म्हणाली, "माझंपण कॉन्ट्रॅक्टच आहे मॅम. हा प्रोजेक्ट संपला की बघू." तिच्या डब्यात नुसती मॅगी होती. मी तिला भाकरी आणि चटणी दिली.

कळंबोली

एक दिवस आम्हाला गोदाम बघायला नेलं. कळंबोलीच्या पुढं, ट्रेलरच्या रांगा ओलांडून, आत एक पांढरं पत्र्याचं धूड. आत शिरलं की नजर पोहोचत नाही तिथवर कप्पे, आणि त्यांच्यामधून पिवळी जाकिटं घातलेली पोरं-पोरी हातातलं यंत्र डब्यांवर रोखत अर्धवट पळत होती. चालत कुणीच नव्हतं. डबा उचलायचा, यंत्र टुक करतं, पुढचा डबा.

"मॅडम! अगं बाई, मॅडम तुमी हितं?"

वळून बघते तर अश्विनी. आमच्याच कॉलेजची, बी.ए. भूगोल, पहिला वर्ग. नद्यांची खोरी तोंडपाठ असणारी पोरगी. नकाशा काढायची तर फळ्यावर नुसत्या खडूनं कोकणची किनारपट्टी अशी उतरवायची की मी पुसायला धजायची नाही. ती तिथंच वाकून माझ्या पाया पडली आणि तिच्या हातातलं यंत्र टुकटुक करायला लागलं, कारण ती थांबली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली. खांदेश्वरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते म्हणाली. मोबाईल उघडून बॅज दाखवले. एकाखाली एक, रंगीबेरंगी, शाळेत नर्सरीच्या पोरांना चांदण्या देतात तसे.

"हे सगळं तू केलंस?"

"करावंच लागतं मॅडम. हा पिकिंगचा हाय, म्हणजे डबं काढायचा. पुढल्या म्हैन्यात संपतोय, परत करायचा. त्येच व्हिडिओ, त्येच प्रश्न. दोन पट स्पीडवर लावते, पास होते, परत कामाला येते."

"मग पगार वाढतो का?"

"न्हाई. कामावर ठेवत्यात."

मोबाईल बंद करत ती म्हणाली, "मॅडम, तुमचं सगळं अजून ध्यानात हाय बरं का. भीमा कुठनं निघती, कुठं मिळती. झोप येईना झाली की मी मनातल्या मनात नदी धरून चालत जाते. पर हितं कुणी विचारत न्हाई." आणि हसली. मला इतकं भरून आलं की तिच्या डोक्यावरून हात फिरवताना तिची टोपी खाली पडली. मग तिच्या हातातलं यंत्र वाजलं आणि ती उठून पळाली. मला तर तिथंच भोकाड पसरावंसं वाटत होतं.

परतताना ढोले सर म्हणाले, "मॅडम, आपण पोरांना हेच शिकवायचं का?"

मी चिडून म्हटलं, "शिकवायचंच असेल तर नीट तरी शिकवू या. पाठीत लचक भरणार नाही असं शिकवू या."

कॅमेऱ्यासमोर

परीक्षा अशी होती की कोर्सचा एकेक भाग चिठ्ठ्या टाकून आमच्यात वाटला आणि प्रत्येकानं आपला भाग मराठीतून कॅमेऱ्यापुढं शिकवून दाखवायचा. नेहानं आधीच सांगितलं होतं, "मॅम, ही रेकॉर्डिंग्ज आमच्या लायब्ररीत राहणार. टॅबवर सगळ्यांनी संमती दिलीय, आठवतं ना?" आठवत होतं. उलट मला बरंच वाटलं. इतकी वर्षं शिकवलेलं हवेत विरून गेलं, कुणीतरी एकदा ते जपून ठेवणार आहे, असं वाटून मी हुरळून गेले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ती अशी.

माझ्या वाट्याला आला पत्ता आणि नकाशा. हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा! मी माझीच फजिती सांगितली. पत्र्यापाशी तीनदा कशी पोहोचले, सेक्टर-प्लॉटचा पत्ता आणि गिरणीमागचा पत्ता यांत फरक काय, डिलिव्हरीच्या पोरानं पत्ता विचारताना कोणता प्रश्न आधी विचारावा. मध्ये मध्ये थांबून, सवयीनं, विचारलं, "समजलं का? कुणाला शंका? हात वर करा." आणि थांबले. वर्गात थांबतो तशी.

नेहा म्हणाली, "मॅम, पॉझ नको ना, समोर कोणी नाहीये."

"बाई, विचारल्यावर थांबायला नको? नाहीतर विचारू कशाला?"

तिनं मान डोलावली. "ओके मॅम, राहू दे. नॅचरल वाटतं."

मग ढोले सरांची पाळी आली. त्यांचा भाग ओझं उचलण्याच्या पद्धतींचा. बिचारे उभे राहिले, त्या काळ्या भिंगाकडं बघितलं आणि गोठले. घाम फुटला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शंभर पोरांचा वर्ग आवाजानं गप्प करणारा माणूस, खुर्ची धरून उभा. मला म्हणाले, "मॅडम, नापास झालो तर घरी काय सांगू?"

आता आमच्या तासिकावाल्या लोकांत एक रीत आहे. एखाद्याचं मूल आजारी पडलं, कुणाची बस चुकली, तर दुसरा त्याचा तास घेतो. विचारत नाही, बोलून दाखवत नाही. वर्ग रिकामा राहिला की तासिकावाल्याच्या पोटावर पाय येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. 'तुझा तास मी बघते' एवढं म्हणायचं, संपलं. मीही म्हटलं, "सर, बसा. तुमचा तास मी घेते."

नेहा जरा घुटमळली. मग फोनवर कुणाशी तरी बोलून आली आणि म्हणाली, "चालेल मॅम. आम्हाला कंटेंट मिळाला म्हणजे झालं. सरांची तोंडी परीक्षा घेऊन पास करू."

झालं! मग मराठीच्या बाई म्हणाल्या माझंही घ्या, माझा आवाज बसलाय. प्राणिशास्त्रवाल्यांना बारकोडचं काही कळलं नव्हतं. मी एकेक तास घेत गेले. ओझं उचलताना गुडघ्यात वाका, कमरेत नाही, हे सांगताना माझ्यापुढं अश्विनी होती. मालाची नोंद, कप्प्यांची मांडणी, सगळं तिला शिकवतेय अशी शिकवत गेले. रात्री काकूंच्या ओटीवर बसून तयारी करायची, सकाळी कॅमेऱ्यापुढं. कित्येक वर्षांत असं शिकवलं नव्हतं. कॉलेजात निम्मा तास हजेरीत आणि निम्मा दंग्यात जातो. तिथं ऐकणारं भिंग हूं की चूं करत नव्हतं. शेवटी जवळजवळ अख्खा कोर्स माझ्या तोंडून झाला आणि आम्ही सगळेच्या सगळे पास झालो. ढोले सरांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि मला दोन दिले.

सानपाडा

ढोले सरांची बहीण सानपाड्याला राहते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. लवकर पोहोचलो म्हणून सर म्हणाले, खाडी बघू या. खारफुटीच्या कडेनं चालत गेलो तर चिखलात लांबवर गुलाबी रेघ. रोहित पक्षी! आमच्या उजनीच्या पाण्यावर येतात तेच. मला इतका आनंद झाला की परक्या गावात माहेरची माणसं भेटल्यागत मी सरांना त्यांची सगळी कुळकथा सांगितली. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही खरंच फार छान शिकवता हो." मी लाजले. खरं सांगते, त्या घटकेला मी सुखी होते.

तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला.

"अभिनंदन, मॅडम! व्हिडिओ बघितले. काय शिकवलंय! आमच्या सौ.नीपण बघितलं."

"सर, तुमच्यापर्यंत कसे पोहोचले?"

"त्या कंपनीनं पाठवले ना नमुन्याला. आपल्या कॉलेजनं तोच कोर्स घेतलाय, सगळ्या मुलांसाठी. म्हटलं, आपल्याच मॅडम आहेत, मुलांना परकं वाटणार नाही."

माझ्या मनात लख्ख उजेड पडला. "म्हणजे जूनपासून तास नक्की ना, सर?"

"कसले तास, मॅडम? व्हिडिओ आहेत की. वर्गात पडदा लावायचा, ऑफिसमधलं कुणीतरी लक्ष ठेवायला बसेल. परीक्षा मोबाईलवर. तुम्हाला आता यायची दगदगच नको."

"सर, पण तुम्हीच म्हणाला होता, सर्टिफिकेट आणलं तर…"

"तेव्हा व्हिडिओ कुठं होते, मॅडम? आणि भूगोलाचे जे थोडे उरलेत ते कायम प्राध्यापकांनाच पुरत नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शिकवणार तुम्हीच आहात."

मी फोन खाली घेतला. ढोले सरांनी विचारलं तेव्हा सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "माझा तास तुम्ही घेतला नसता तर… म्हणजे माझ्याही कॉलेजात हेच व्हिडिओ जाणार ना, मॅडम?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या कॉलेजात मीच जाणार होते. ज्यांना ज्यांना मी 'तुझा तास मी बघते' म्हटलं होतं, त्या सगळ्यांचे तास. मी सरांना सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर तेच हात जोडून उभे राहिले. "तुमचा काय दोष, मॅडम? तुम्ही तर मदत केलीत." त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बहिणीकडं पुरणपोळी होती. आम्ही दोघंही खाली मान घालून जेवलो आणि ती माउली विचारत राहिली, काही कमी पडलं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहाला गाठलं. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं असं वाटतं. तिचे डोळे भरले. म्हणाली, "मॅम, संमती सगळ्यांनीच दिलीय ना… मी विचारून बघते वर." ती कुणाला विचारणार, आणि वर म्हणजे कुठं, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनं माझ्या मोबाईलवर माझा बॅज मात्र उघडून दिला. निळा, चकचकीत, दोन वर्षांच्या मुदतीचा.

काकूंचा निरोप घेताना त्यांनी विचारलं, "भेटला का गो सर्टिफिकेट?" मी मोबाईल दाखवला. त्यांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "या तर भिंतीवर पन लावता येत नाय," म्हणाल्या आणि सुक्या जवळ्याची पुडी माझ्या पिशवीत कोंबली.

परत

जून आला आणि गेला. या वर्षी मुलाखतीला मला बोलावणं आलं नाही. यजमान म्हणतात, शिकवण्या काढ. मुलगी म्हणते, आई, आपण चॅनेल काढू. दोघांचं बरोबरच असेल. मी सकाळी तासाच्या वेळेला तयार होते, साडी नेसते आणि मग भाजी निवडायला बसते. शेजारच्या बायका विचारतात, "आज सुट्टी का मॅडम?" मी हो म्हणते.

मागच्या आठवड्यात ग्रंथालयाची राहिलेली पुस्तकं द्यायला कॉलेजात गेले. व्हरांड्यातून जात होते तर माझाच आवाज आला. आमच्याच भूगोलाच्या वर्गात, खिडक्या अर्धवट लावून, पडद्यावर मी उभी होते. केस नीट विंचरलेले, तोंडभर हसू, पत्र्यापाशी तीनदा पोहोचल्याची गोष्ट रंगवून सांगत होते. मागच्या बाकांवर पोरं मोबाईल बघत होती. दाराशी ऑफिसमधला क्लार्क पेंगत होता. पुढच्या बाकावर मात्र एक पोरगी वही उघडून ऐकत होती. पहिल्या वर्षाची असावी, मी तिला ओळखत नव्हते.

पडद्यावरच्या मी विचारलं, "समजलं का? कुणाला शंका? हात वर करा." आणि थांबले.

त्या पोरीनं हात वर केला.

मी खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभी होते. पोरगी पडद्याकडं बघत होती, हात तसाच. पडद्यावरची मी तिच्याकडं बघून हसले, मान डोलावली आणि म्हटलं, "छान. मग पुढं जाऊ या." तिनं हात खाली घेतला.

मी दाराकडं दोन पावलं गेले. क्लार्क जागा होऊन म्हणाला, "मॅडम, काही काम होतं का? तास चालू आहे."

मी नाही म्हटलं आणि पुस्तकं द्यायला गेले. माझा तास नव्हता.